खोऱ्यावरची रेघ

आमच्या कामाच्या खोलीला खिडकी नाही. दिवसभर आकाशातून खाली बघण्याचा पगार घेणाऱ्यांना आणखी खिडकी कशाला, असा विचार इमारत बांधणाऱ्याने केला असावा. आत ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलावर मोठा स्क्रीन, आणि दाराजवळ एक किटली, जिचं बटण पाणी उकळेपर्यंत दाबून धरावं लागतं. नवीन किटली मागितली की वरून उत्तर येतं, पुढच्या वर्षी बघू.

काम सांगायला सोपं आहे. उपग्रह थोड्याथोड्या वेळाने डोंगराळ पट्ट्याचा फोटो पाठवतो. त्यात कुठे जमीन भलतीच तापलेली असेल तर मशीन आपणहून लाल ठिपका टाकतं. पण धूर मशीनला कळत नाही. धूर, धुकं, ढग, त्याच्या लेखी सगळं सारखंच पांढरं. आणि पांढरं फारच दाट असेल तर ते त्याला ढग समजतं आणि खालची आग शोधायचंही सोडून देतं. म्हणजे वणवा मोठा, धूर दाट आणि नकाशा मात्र स्वच्छ, असा उफराटा प्रकार कधीही होऊ शकतो. म्हणून आम्हाला ठेवलंय. आम्ही फोटोवर पेन चालवून धुराभोवती हाताने रेघ काढतो. ती रेघ लगेच लोकांच्या मोबाइलवरच्या नकाशात उमटते आणि रेघेच्या आत आलेल्या गल्ल्यांना निरोप जातो: बाहेर पडा.

मी रेघ जरा सैल काढते. माझे वडील शिंपी. लहानपणी मी त्यांच्या मशिनशेजारी बसून डाव्या हाताने चिंध्या कापायची. ते मला ‘डावरे’ म्हणायचे, अजूनही तेच म्हणतात. त्यांनी मला बजावलं होतं की कड सोडून काप, शिवणीत बोटभर माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेव, घट्ट झालं तर गिऱ्हाईक तुझ्या नावाने शंख करेल. धुराचंही तसंच आहे. फोटो आमच्यापर्यंत पोचतो तोवर धूर पुढे सरकलेला असतो.

आमच्याकडे एक नियम आहे. आपली माणसं जिथे राहतात तो तुकडा आपण काढायचा नाही. रोज सकाळी मोठ्या मॅडम फळ्यावर तुकडे वाटतात आणि माझ्या आईवडिलांचं खोरं दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातं. हा नियम ढगोबामुळे आला. ढगोबा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ, खोलीत सगळ्यांत जुने. एका वर्षी त्यांच्या सासुरवाडीवर पांढरं दिसलं. त्यांनी घाबरून रेघ काढली, अख्खं गाव बाहेर पडलं आणि रस्त्यात बसमध्येच एक म्हातारी गेली. पांढरं होतं ते निव्वळ धुकं. तेव्हापासून मॅडम म्हणतात की माणूस घाबरला की त्याला सगळीकडे धूर दिसतो. ढगोबांना त्यानंतर धूर दिसेनासाच झाला. काहीही दाखवा, हे म्हणणार, “ढग असेल.” म्हणून हे नाव. त्यांच्या तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्यांना माहीत आहे.

बाबांना मी हा नियम दोनदा समजावून सांगितला होता. दोन्ही वेळा ते गालातल्या गालात हसले. “बरोबर आहे, बाहेर असंच सांगायचं असतं,” म्हणाले, “कळतं मला.” सरकारी गुपित आपल्याला उमगलंय अशा थाटात त्यांनी डोळाही मिचकावला. पुढे कुणालाही नकाशा दाखवताना ते म्हणायचे, “ही रेघ बघा. आमच्या डावरीच्या हातची. काय वळण घेतलंय.” दुकानात कपडे टाकायला आलेला माणूस शर्टाचं माप देता देता नकाशाचं कौतुक ऐकून जायचा. गल्लीतले लोक तर आग कुठे आहे हे बघायला नकाशा उघडतच नसत. ते बाबांचं दुकान उघडं आहे का तेवढं बघत.

त्या दिवशी सकाळपासूनच डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, पार खिंडीपर्यंत, ठिपके होते. या ऋतूत असतातच. वाळलेलं गवत पेटतं, दोन दिवस धुमसतं आणि विझतं. आगीचे बंब तिकडेच गेले होते. खोरं फळ्यावर ढगोबांच्या नावापुढे होतं. डबा खाता खाता मी सहज त्यांच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि घास हातातच राहिला. आमच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला पांढरा पट्टा उतरला होता. खाली तोंडाशी पसरट, वर निमुळता. खिंडीतले ठिपके सकाळी होते, आता नव्हते.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“ढग,” ढगोबा म्हणाले. चष्मासुद्धा वर केला नाही.

“ठिपके कुठे गेले?”

“विझलं असेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या खोलीत हा वाक्प्रचार कुणी वापरत नाही, पण मला दुसरा सुचत नाही. “अहो, एवढ्या वाऱ्यात आपोआप विझलं? कुणी फुंकर मारली?”

“तुमचं तिथे घर आहे,” ते शांतपणे म्हणाले. “तुम्ही त्यावर बोलायचं नाही.”

मी व्हरांड्यात जाऊन बाबांना फोन लावला. मागे शिलाई मशिनची खटखट चालू होती.

“बाबा, निघा तिथून.”

“कशाला? नकाशा कोरा आहे की.”

“बाहेर काय दिसतंय?”

“अंधारून आलंय. सगळे धुकं म्हणताहेत. थोडा वास आहे, पण या दिवसांत तो कधी नसतो?”

“दुपारी कसलं धुकं, बाबा? आईला घेऊन निघा.”

मागची खटखट थांबली. आईचा पाय प्लास्टरमध्ये होता. घर दुकानाच्या वर, जिना अरुंद. मागच्या वेळी तिला दवाखान्यात न्यायला चौघांनी खुर्चीसकट उतरवलं होतं आणि प्रत्येक पायरीवर ती कळवळत होती. तो जिना बाबांच्या मनातून गेलेला नव्हता.

“डावरे, ऐक,” ते म्हणाले. “फोनवर तू माझी मुलगी असतेस. मुलगी घाबरते. नकाशावर तू कामावर असतेस, तिथे तू घाबरत नाहीस. रेघ आली की मी एक क्षण थांबणार नाही. आत्ताच शेजारचा इस्त्रीवाला विचारून गेला. त्याला म्हटलं, बिनधास्त कपडे घे, माझी मुलगी बघतेय.”

“तुमचं खोरं माझ्याकडे नसतं, किती वेळा सांगू?”

“बरं, बरं. नसतं,” ते लाडाने म्हणाले. फोनवरही मला त्यांचा मिचकावलेला डोळा दिसला.

मला त्यांचा राग आला, इतका की भिंतीवर फोन आपटावासा वाटला. आणि ते जे बोलले ते शब्दशः आमच्या मॅडमचं म्हणणं होतं. घाबरलेल्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही. ज्यांच्यासाठी मी घाबरले होते, तेच मला हे शिकवत होते.

आत गेले तर मोठ्या मॅडम ढगोबांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. मी म्हटलं, “मॅडम, मला पेन नको. फक्त सकाळपासूनचे फोटो एकापाठोपाठ एक चालवा.”

“तुम्ही तुमच्या जागेवर बसा,” मॅडम म्हणाल्या.

“बसते. पण चालवा. ढग असेल तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. वर्षभर किटलीचं बटण मी दाबते.”

कुणी हसलं नाही. पण ढगोबांनी, माझी पीडा टळावी म्हणून का होईना, फोटो चालवले. डोंगरावरचे खरे ढग एका बाजूने आले आणि दुसऱ्या बाजूने निघून गेले, सगळेच्या सगळे. आमच्या खोऱ्यावरचं पांढरं मात्र पुढे पुढे सरकत होतं आणि त्याचं वरचं टोक खिंडीतून हलत नव्हतं. खुंटीला बांधल्यासारखं. प्रत्येक फोटोत तिथेच.

“ढग असा एका जागी बांधलेला असतो?” मी विचारलं.

ढगोबांनी फोटो पुन्हा चालवले. मग पुन्हा.  त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मला तेव्हा त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला फक्त त्यांच्या हातातलं पेन दिसत होतं आणि ते हलत नव्हतं.

“काढा,” मॅडम अखेर म्हणाल्या.

त्यांनी रेघ काढायला घेतली. इतकी सावकाश, की सुईत दोरा ओवताहेत असं वाटावं. पांढऱ्याच्या कडेकडेने, प्रत्येक खाचेत आत शिरत, प्रत्येक टोकाला बाहेर येत. खालच्या तोंडाशी आल्यावर मी न राहवून म्हटलं, “थोडी सैल घ्या. हा फोटो मघाचा आहे. आत्तापर्यंत पुढे गेलं असणार.”

“दिसतं तेवढंच काढणार,” ते म्हणाले. “न दिसलेलं मी एकदा काढलंय.”

 रेघ जुळली, नकाशावर उमटली. खिंडीपासून खाली येऊन ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळली होती. आत आल्या त्या गल्ल्यांना निरोप गेला. आमची गल्ली बोटभर बाहेर राहिली.

फोन माझ्या हातात असतानाच वाजला.

“आली गं रेघ!” बाबांचा आवाज फुललेला. “बघ, म्हटलं होतं ना. वरच्या आळीतले निघालेसुद्धा. आपण सुटलो. गल्लीच्या तोंडाशी वळवलीस ती. इस्त्रीवाल्याला दाखवली, म्हटलं, आमची डावरी माया सोडून काढते, म्हणजे रेघ इथे असली तर धूर अजून पार मागे आहे. उगाच तुझ्या आईला हलवायला नको.”

मी खुर्चीवर बसले.  जी रेघ काढायला लावण्यासाठी मी एवढी भांडले, तीच त्यांना घरात थांबवत होती. मी पुन्हा म्हणणार होते की ती माझी नाही. ते पुन्हा बरं, बरं म्हणणार होते. आणि तेवढ्यात धूर गल्लीत शिरणार होता.

“बाबा,” मी म्हटलं, “नकाशा उघडा. खाली एक बटण आहे, त्याने रेघेखालचा फोटो दिसतो.”

“माहीत आहे मला.”

“दाबा. आता बोटांनी मोठं करा. गल्लीच्या तोंडाशी या. पांढरं कुठे संपतं आणि रेघ कुठे आहे?”

 मग ते पुटपुटले, “कडेवरूनच आहे.”

“माया किती सोडलीय?”

“कुठे सोडलीय? अगदी कडेवरून कापलंय. असं कोण कापतं? पहिल्याच धुण्यात उसवेल.” शिंप्याचा राग होता तो, कुणाच्याही वाईट शिवणीवर येतो तसा. मग आवाज एकदम उतरला. “तू असं कापणार नाहीस.”

“नाही, बाबा.”

“मग परवाची? मागच्या महिन्यातली?”

“तुमच्या खोऱ्यावरची एकही माझी नव्हती. कधीच.”

मागून आईचा आवाज आला, “काय म्हणतेय ती?” बाबांनी तिला उत्तर दिलं नाही.

“मी सगळ्या गल्लीला काय सांगत होतो मग?” ते म्हणाले. हा प्रश्न मला नव्हता. “आत्ताच सांगून आलो, आत्ताच.”

“ते नंतर बघू. खिडकी उघडा आणि नाकाने बघा. आईला खाली घ्या.”

“इस्त्रीवाल्याला हाक मारतो,” ते म्हणाले आणि फोन तसाच खिशात टाकला. जिन्यावर पावलं वाजली, काहीतरी पडलं, आई विव्हळली, “अहो, हळू!” आणि मग आवाज बंद झाला.

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. किटलीचं बटण दाबून उभी होते असं सगळे सांगतात, पाणी नसलेल्या किटलीचं. कधीतरी इस्त्रीवाल्याच्या फोनवरून आईने फोन केला. ती त्याच्या टेम्पोत कपड्यांच्या गाठोड्यांवर आडवी होती आणि टेम्पो पुलापलीकडे पोचला होता.

“बाबा कुठे आहेत?”

“आलेच नाहीत गं,” ती म्हणाली. “म्हणाले, मला दारोदार जायचंय. मीच सांगितलं होतं त्यांना, आता मीच ते खोडायला हवं, असं. मी किती ओरडले. ऐकतात का कुणाचं?”

पुढचा फोटो आला. आमची गल्ली पांढऱ्याखाली गेली होती. ढगोबांनी रेघ पुढे घेतली. दिसलं तेवढीच, त्यांच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे. निरोप गेला: बाहेर पडा. तो बाबांच्याही फोनवर गेला असणार. मी फोन लावत होते, तो वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. ढगोबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी त्या दिवशी डबा उघडला नाही, एवढं मात्र मी पाहिलं.

बाबांचा फोन आला तेव्हा दिवस कलला होता. पलीकडच्या गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना नेलं होतं आणि बाबा कुणाच्यातरी शेवटच्या गाडीतून तिथे पोचले होते. त्यांचा घसा पूर्ण बसला होता.

“सगळे निघाले,” ते म्हणाले. “वाद घालायला कुणी थांबलंच नाही. मी फक्त एवढंच सांगत होतो, रेघ माझ्या मुलीची नाही. प्रत्येक दारावर, रेघ माझ्या मुलीची नाही.” खोकल्याने त्यांना पुढे बोलता येईना. मग म्हणाले, “फार लाज वाटली गं. आधी नुसती लाजच. मग वाटलं, त्यांचा किती विश्वास होता तुझ्यावर. रेघ तुझी नाही म्हटल्यावर कुणी चप्पलसुद्धा शोधली नाही.”

मी रडले. खोलीत सगळ्यांसमोर, नाक पुसायला काही नव्हतं म्हणून बाहीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता आणि खोऱ्याच्या खालच्या भागावरचं आकाश मोकळं होतं. मशीनला आता खालचं दिसत होतं. त्याने इमानेइतबारे ठिपके टाकले होते, त्यातला एक आमच्या गल्लीवर. मी फोटो मोठा केला. दुकानाचं पत्र्याचं छप्पर फोटोत नेहमी एक चमकदार कण म्हणून दिसायचं. मी ते कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, पण रोज एकदा बघायची. तिथे काळं होतं. आजूबाजूलाही काळंच होतं.

मोठ्या मॅडम फळ्यापाशी गेल्या. ढगोबा रजेवर होते. माणसं कमी होती, धूर खोऱ्याच्या दुसऱ्या बाजूने पुढे चालला होता. मॅडमनी खोऱ्यापुढचं नाव पुसलं आणि खडू हातात धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

“आता तिथे तुमचं कुणी राहत नाही,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “तुम्ही घेऊ शकता.”

मनात आलं, तो खडू त्यांच्या हातातून हिसकावून फेकून द्यावा. मग त्या वळल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. त्याही रात्रभर झोपल्या नसाव्यात. त्यांनी फक्त नियम वाचला होता आणि नियम बरोबर होता. मी पेन उचललं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते खोरं माझ्या हाताखाली होतं. डाव्या हाताने मी खिंडीतून सुरुवात केली. जळालेल्या गल्ल्यांवरून गेले, आमच्याही. तिथे हात जड झाला, पण थांबले नाही. पलीकडच्या कडेला धूर जिथे संपत होता तिथून मी बोटभर नाही, चांगली वीतभर बाहेर गेले. रेघ उमटली. निरोप गेले.

थोड्या वेळाने बाबांचा फोन आला. आवाज अजून बसलेलाच होता.

“आजची तुझी आहे,” ते म्हणाले. विचारलंही नाही.

“हो.”

“केवढी सैल काढलीस. बघतोय मी.” मग म्हणाले, “आपलं तर सगळं गेलं. आता कुणासाठी एवढी माया सोडलीस?”

“बाबा, पुढच्या गावातही कुणाचे तरी वडील नकाशा उघडून बसले असतील,” मी म्हटलं.

 मागून आई विचारत होती, काय म्हणतेय ती, आणि या वेळी त्यांनी तिला शब्द न् शब्द सांगितला.